दाखला कुणी द्यायचा? : पिलाटेस शिकवणाऱ्या बायकांची गोष्ट

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचताना आम्ही एका अर्जापाशी थांबलो. शेळ्या, शिलाई मशीन, मुलीची नर्सिंगची फी ही कारणं आमच्या ओळखीची. या अर्जावर लिहिलं होतं, ‘मुलीचा पिलाटेस ट्रेनरचा कोर्स’. मुलगी पुण्यात एका व्यायामशाळेत कामाला आहे. हा कोर्स केला की बायकांचे वर्ग स्वतः घेता येतील, पगार वाढेल, असं तिचं म्हणणं. फी मात्र गटाच्या पोटात गोळा आणणारी. तिने दोन ठिकाणची माहितीपत्रकं पाठवली होती. एक ठिकाण शनिवार-रविवारात दाखला देणार होतं, दुसरं म्हणत होतं वर्ष लागेल. दोन्हींवर ‘प्रमाणित’ छापलेलं. खरं कोणतं मानायचं? शोधायला बसलो, तेव्हा जी गोष्ट हाती लागली ती आज सांगतो.

पिलाटेस हे एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटेस, जन्म १८८३, जर्मनीतला. लहानपणी दम्याने आणि मुडदुसाने बेजार झालेला पोरगा. अंग कमवायचं या ध्यासाने त्याने नाना प्रकारचे व्यायाम केले. पुढे ते इंग्लंडला गेले आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मन म्हणून त्यांना पकडून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवलं. तिथे वीस हजारांहून जास्त माणसं कोंडलेली होती. अंथरुणाला खिळलेल्यांना व्यायाम करता यावा म्हणून त्यांनी पलंगाला स्प्रिंगा बांधल्या, असं सांगतात. आज या व्यायामाचं जे मुख्य यंत्र आहे, ते आडव्या चौकटीचंच. चौकटीत मागेपुढे सरकणारी गादी आणि तिला ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. बाकीचा बराचसा व्यायाम नुसत्या चटईवर होतो. पोट, पाठ आणि कंबर यांच्या आतल्या स्नायूंना ताकद द्यायची, श्वास सांभाळायचा, आणि घाई करायची नाही. ते स्वतः याला ‘कंट्रोलॉजी’ म्हणत, म्हणजे शरीरावर ताबा ठेवण्याची विद्या.

१९२६ मध्ये ते अमेरिकेला निघाले. त्या प्रवासात क्लाराबाईंची गाठ पडली, ती जन्मभराची. न्यूयॉर्कमध्ये एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर दोघांनी व्यायामशाळा काढली. नाव जोसेफ यांचं, पण तिथे शिकलेले अनेक जण सांगतात की शिकवण्याची खरी हातोटी क्लाराबाईंची. जोसेफ कडक, आवाज मोठा. क्लाराबाई समोरच्या बाईचं दुखणं काय आहे ते आधी बघत आणि तिच्यापुरता व्यायाम बदलून देत. पुस्तकांवर त्यांचं नाव नाही. हे ऐकून आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, “सातबारा त्याच्या नावावर आणि राबणारी ही!” आम्ही त्यावर काय बोलणार?

या शाळेत नर्तक मंडळी फार येत. नाचताना घोटा मुरगळायचा, गुडघा जायचा. रोमाना क्रिझानोव्स्का ही तरुण मुलगी घोटा दुखावला म्हणून आली आणि पुढे तिथेच शिकवू लागली. कॅरोला ट्रायर यांनी जोसेफ यांच्या संमतीने स्वतःची वेगळी शाळा काढली. ईव्ह जेंट्री या नर्तिकेचं स्तनाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं होतं, छातीचे स्नायूही कापले गेले होते. हात वर जाईना. जोसेफ आणि क्लाराबाईंनी व्यायाम करवून घेऊन तो हात पुन्हा वर नेला. जेंट्रीबाई पुढे स्वतः शिक्षिका झाल्या. आमच्या गटात असं ऑपरेशन झालेल्या एक ताई आहेत. त्यांनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली.

आता मुद्द्याकडे येतो. या बायकांकडे दाखला कोणता होता? कोणताच नाही. त्या वर्षानुवर्षं त्या खोलीत वावरल्या. आधी स्वतःचं अंग बरं केलं, मग दुसऱ्याला हात लावायला शिकल्या. आपल्यातल्या कितीतरी जणी शिवण अशाच शिकल्या, कुणाच्या तरी ओसरीवर बसून, आधी काजं-बटणं, मग ब्लाऊज. उस्ताद म्हणाला ‘आता तू कर’, की झालं.

अधिकृत कागद मिळाल्याचं सांगितलं जातं ते फक्त दोघींच्या बाबतीत. कॅथी ग्रँट आणि लोलिता सान मिगेल. दोघी नर्तिका. त्यांना जोसेफ यांच्या हाताखाली शिकल्याबद्दल न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठामार्फत प्रमाणपत्र मिळालं. ग्रँटबाई कृष्णवर्णीय होत्या, गुडघ्याच्या दुखण्यामुळे इकडे वळल्या आणि पुढे विद्यापीठातल्या नर्तकांना शिकवत राहिल्या. त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय बाईच्या हातात असा कागद असणं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

१९६७ मध्ये जोसेफ वारले. वय ८३. आपल्यामागे कुणी शिकवायचं, कुणी शिकवायचं नाही, हे त्यांनी लिहून ठेवलं नव्हतं. क्लाराबाईंनी शाळा चालवली, मग रोमानाबाईंनी हाती घेतली. शिष्यांच्या शिष्या तयार झाल्या. प्रत्येकीची पद्धत थोडी वेगळी, आणि जिची तिची खात्री की आपलीच मूळची.

मग नावाचं भांडण सुरू झालं. ‘पिलाटेस’ हा शब्द व्यापारी नाव म्हणून नोंदवलेला होता. ज्यांच्याकडे त्याचा हक्क होता, ते इतरांना सांगू लागले की आमच्या परवानगीशिवाय हा शब्द पाटीवर लावू नका. वीस-वीस वर्षं शिकवणाऱ्यांनाही आपण काय शिकवतो हे उघड म्हणता येईना! प्रकरण न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २००० मध्ये निकाल लागला: हे एका व्यायामपद्धतीचं नाव आहे, त्यावर एकट्याची मालकी चालणार नाही. म्हणजे ‘योग’ हा शब्द जसा कुणा एकाचा नाही, तसंच हे.

चांगलं झालं असं आम्हाला वाटतं. पण कुंपण गेलं की गुरंही शिरतात. नाव सगळ्यांचं झालं, तसा दाखला छापणंही सगळ्यांना मोकळं झालं. अमेरिकेत यासाठी सरकारी परवाना लागत नाही. म्हणून शिक्षकांनीच २००१ मध्ये ‘पिलाटेस मेथड अलायन्स’ ही संघटना उभी केली आणि २००५ पासून परीक्षा सुरू केली. त्या परीक्षेला बसायला निदान ४५० तासांचं पूर्ण प्रशिक्षण लागतं. त्यात नुसतं वर्गात बसणं नाही. शरीराची रचना शिकायची, सगळ्या यंत्रांवर स्वतः व्यायाम करायचा, अनुभवी शिक्षिका शिकवताना पाहायचं, आणि कुणाच्या तरी नजरेखाली स्वतः शिकवायचं. शनिवार-रविवारात होतो तो फार तर चटईवरच्या व्यायामाचा पहिला धडा. कंबरेची गादी सरकलेली बाई समोर आली, तर दोन दिवस शिकलेल्या मुलीने काय करायचं?

हे सगळं कळल्यावर आम्ही बैठकीतूनच मुलीला फोन लावला, स्पीकरवर. एकूण किती तास, त्यातले यंत्रांवर किती, तू शिकवताना बघणार कोण, आणि परीक्षा घेणार कोण, हे दोन्ही ठिकाणी विचार असं सांगितलं. आठ दिवसांनी तिचं उत्तर आलं. दोन दिवसांचा दाखला देणाऱ्यांनी व्हिडिओ पाठवतो म्हणून सांगितलं होतं. वर्षभरवाल्यांनी तासांचा तक्ता लेखी दिला आणि आधी येऊन एक वर्ग बघून जा म्हणाले. ती जाऊन आली. फी तीन हप्त्यांत भरता येते, असंही कळलं. पहिल्या हप्त्याचं कर्ज आम्ही मंजूर केलं. दुसरा हप्ता दिवाळीनंतर आहे, तेव्हा तिचा तक्ता बैठकीत पुन्हा वाचायचं ठरलंय.