तळटीप ७ : मायोल यांचे वुडकट

आरिस्तीद मायोल (१८६१–१९४४), फ्रेंच शिल्पकार. येथे उल्लेखिलेले वुडकट व्हर्जिलच्या ‘एक्लॉग्ज’ या गोपकाव्यांसाठी केलेले, काउंट हॅरी केसलर यांच्या वायमारमधील क्रानाख मुद्रणालयाने ते पुस्तक १९२६ साली काढले. वुडकटमध्ये कोरून काढलेली जागा कोरी राहते, उरलेल्या उठावाला शाई लागते. भरीव, गोलाईदार देह घडवणाऱ्या मायोल यांनी इथे छायाप्रकाश जवळजवळ सोडूनच दिला. पॅन आणि वनदेवतांच्या त्या जगातली माणसे निव्वळ बाह्यरेषेवर उभी आहेत, आणि रेषेची जाडी शेजारच्या खिळ्यांच्या अक्षरांशी जुळणारी. शिल्पकाराने आकारमानाचा मोह असा आवरावा, हे मला त्यांच्या ब्राँझइतकेच थोर वाटते. लाँगसच्या ‘डॅफ्निस आणि क्लोई’चे (१९३७) त्यांचे वुडकटही याच वळणाचे.—संपा.