हाताची भाषा आणि विजेचा स्पर्श



भाषेच्या अभ्यासकाने विजेविषयी बोलावे, हे काहींना अस्थानी वाटेल. परंतु भाषा केवळ जिभेवर वसत नाही. नमस्कारासाठी जुळणारे हात, ‘थांब’ सांगणारा तळवा, जवळ बोलावणारी बोटे, हीही भाषाच होय. ती हरवते कशी आणि ती परत मिळवून देण्याचे प्रयत्न कसे झाले, याचा इतिहास मी आज थोडक्यात मांडणार आहे.

१९०० साली बर्लिनमधील वैद्य ह्युगो लीपमान यांनी एका ४८ वर्षांच्या सरकारी अधिकाऱ्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्यास बुद्धिभ्रंश झाला आहे, असा निवाडा आधीच झालेला होता. कारण सांगितलेली साधी खूणही त्याचा उजवा हात भलतीच करी. लीपमान यांनी तो हात धरून ठेवावयास लावला आणि तेच काम डाव्या हाताला सांगितले. डाव्याने ते नीट केले. म्हणजे बोलणे समजत होते, हातात बळही होते. तुटला होता तो अर्थ आणि कृती यांना जोडणारा दुवा. या विकारास ‘अ‍ॅप्रॅक्सिया’ म्हणतात. पुढे १९०५ मध्ये अर्धांगवायूच्या अनेक रुग्णांना तपासून लीपमान यांनी दाखवून दिले, की सामान्यतः अशा कुशल हालचालींची आखणी मेंदूचा डावा भाग करतो.

दुसरा प्रवाह विजेचा. १७९१ मध्ये गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायावरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचे भाचे आल्दिनी यांनी १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या माणसाच्या देहात वीज सोडली, तेव्हा त्याचा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. प्रेक्षक थक्क झाले. परंतु तमाशा म्हणजे उपचार नव्हे. १८७० मध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या विशिष्ट भागाला सौम्य प्रवाह देताच विरुद्ध बाजूचे अवयव हलतात, हे सिद्ध केले. मात्र त्यासाठी कवटी उघडावी लागली.

ती न उघडता मेंदूपर्यंत पोहोचावयास शंभरावर वर्षे गेली. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याच्या त्वचेवरूनच विजेचा धक्का देऊन हात हलविला. पण तो धक्का वेदनादायक होता. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी फॅरडे यांच्या १८३१ च्या तत्त्वाचा आधार घेतला. तारेच्या वेटोळ्यातील बदलत्या चुंबकीय क्षेत्राने मेंदूतच प्रवाह निर्माण झाला आणि ती वेदना टळली. २००० साली जर्मनीतील निट्शे आणि पाउलुस यांनी दाखविले, की केवळ एक मिलिअँपिअरच्या प्रवाहानेही मेंदूची उत्तेजनक्षमता बदलते आणि तो बदल प्रवाह थांबल्यावरही काही मिनिटे टिकतो.

हे दोन प्रवाह आता एकत्र आले आहेत. २००९ मध्ये अमेरिकेत निरोगी व्यक्तींना सलग पाच दिवस सरावासोबत असा प्रवाह दिला असता बोटांचे कौशल्य अधिक वाढले. २०१५ मध्ये इटलीतील संशोधकांना अ‍ॅप्रॅक्सियाच्या रुग्णांतही, मेंदूच्या डाव्या पार्श्वभागाला प्रवाह दिल्यावर, हातांच्या खुणांत सुधारणा आढळली. रुग्ण मात्र मोजकेच होते, आणि अशा प्रवाहाचा परिणाम माणसागणिक बदलतो, हेही अनुभवास आले आहे. म्हणून यास रामबाण म्हणणे म्हणजे आल्दिनींच्या तमाशाकडे परत जाणे होय.

वीज काही शिकवीत नाही. शिकवितो तो सराव. वाफसा आलेल्या जमिनीत पेरलेले बी रुजते, पण बी मात्र पेरावेच लागते. प्रवाहाचे काम फार तर वाफसा आणण्याचे.

शाळेच्या व्यासपीठावरून एवढेच सांगावेसे वाटते, की या इतिहासातील सर्वांत मोठा उपचार विजेचा नव्हता. दुसऱ्या हाताला विचारून पाहण्याची लीपमान यांची बुद्धी, हा तो उपचार. ज्याची बोटे अक्षराला वळण देऊ शकत नाहीत, असे मूल प्रत्येक वर्गात असते. हाताच्या चुकीवरून त्याच्या बुद्धीचा निवाडा करण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर थांबावे.