जळक्या बुचाचं कूळ

बाटलीचं बूच जाळायचं, त्याची राख पाण्यात कालवायची आणि तोंडाला फासायची. ओठांभोवतीची जागा मोकळी सोडायची, नाहीतर तांबड्या-पांढऱ्या रंगाने ओठ आणखी मोठे करायचे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गोरा नट असा 'काळा' होई. टीव्हीवरच्या कृष्णवर्णीय पात्रांचं कूळ शोधत गेलं, की या राखेपाशीच पोचावं लागतं.

१८३०च्या सुमारास थॉमस राइस या गोऱ्या नटाने फाटक्या कपड्यांतला, नाचरा 'जिम क्रो' रंगवला आणि तो तुफान चालला. १८४३मध्ये न्यूयॉर्कला 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' या चौघांनी अख्खा खेळच असल्या सोंगांवर उभा केला. बॅन्जो, फिडल, खंजिरी, हाडांच्या चिपळ्या. आणि सोबतीला आळशी, बावळट, मालकाच्या घरी खुशीत असलेला गुलाम. ज्याला आपण राबवतो तो मुळात सुखातच आहे, हे गोऱ्या प्रेक्षकांना ऐकायला बरं वाटे. पुढे वंशभेदाच्या कायद्यांना नाव पडलं तेही जिम क्रोचंच.

कृष्णवर्णीय कलावंतांनाही रंगमंचावर शिरायला हेच दार होतं. बर्ट विल्यम्स हा मोठा विनोदी नट स्वतः कृष्णवर्णीय, तरी तोंडाला काळं फासूनच प्रेक्षकांसमोर येई. १९१५च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटाने मात्र सोंग पालटलं. हसऱ्या गुलामाच्या जागी गोऱ्या मुलीचा पाठलाग करणारा नराधम आला. तोही काळं फासलेला गोरा नटच. त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना पुन्हा उभी राहिली.

रेडिओवर राखेचीही गरज उरली नाही. १९२८ पासून 'एमॉस अँड अँडी' या मालिकेतले कृष्णवर्णीय मित्र फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल या दोन गोऱ्यांच्या तोंडून बोलू लागले. 'ब्यूला' या मोलकरणीच्या नावानेही मालिका झाली; तिला पहिला आवाज दिला मार्लिन हर्ट या गोऱ्या पुरुषाने. स्टुडिओत तो प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राही. आपलं वाक्य आलं की गर्रकन वळे आणि हशा उसळे.

१९५०-५१मध्ये दोन्ही मालिका टीव्हीवर आल्या. आता नट खरोखर कृष्णवर्णीय होते, साचा मात्र जुनाच. 'एमॉस अँड अँडी'त डॉक्टर भोंदू, वकील लबाड. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीने यावरच बोट ठेवलं. गोऱ्यांतला लबाड वकील दिसला, तर दुसऱ्या कार्यक्रमात सज्जन वकीलही दिसे. कृष्णवर्णीय वकील पडद्यावर जवळजवळ एवढाच. ज्या गोऱ्या घरांचा कृष्णवर्णीयांशी कधी संबंधच येत नसे, त्यांच्यासाठी हाच सगळ्या समाजाचा नमुना ठरला.

'एमॉस अँड अँडी'चं टीव्हीवरचं मूळ प्रसारण १९५३मध्ये थांबलं. तिचे भाग मात्र १९६६पर्यंत पुन्हा पुन्हा दाखवले जात राहिले. ब्रिटनमध्ये तर बीबीसी तोंडाला खरोखर काळं फासलेल्या गोऱ्या गायकांचा कार्यक्रम १९७८पर्यंत घरोघरी दाखवत होती.