निसर्गचित्राची टिकाऊ प्रत घेताना हे विचारा
मूळ निसर्गचित्र परवडत नसेल तर चांगली छापील प्रत घ्यावी. पण पैसे देण्याआधी दुकानदाराला चार गोष्टी विचारा.

शाई: पिगमेंटची हवी. डाय शाईचे रंग उजेडात लवकर उडतात.

कागद: आम्लमुक्त, शक्यतो १०० टक्के कापसाचा. साधा कागद पिवळा पडतो.

माउंट: तोही आम्लमुक्तच, नाहीतर कडेला तपकिरी डाग उमटतात.

हक्क: चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. इंदूरला जन्मलेले, बडोद्यात शिकवलेले ना. श्री. बेंद्रे १९९२ मध्ये गेले. म्हणजे २०५२ अखेरपर्यंत त्यांच्या चित्राच्या प्रतीला हक्कधारकाची परवानगी लागते. ती दाखवता येत नसेल, तर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

घरी आणल्यावर थेट ऊन आणि ओलीची भिंत टाळा. पावसाळ्यात फ्रेममागे हवा खेळायला थोडी फट ठेवा.