अंतरवाली सराटी आंदोलन

मराठा समाजाला कुणबी म्हणून इतर मागासवर्गात आरक्षण मिळावे, यासाठी जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटी या गावात २०२३ साली उभी राहिलेली चळवळ. हा सारा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मागणीचा आधारही तिथलाच : निजामकाळच्या दप्तरांतील ‘कुणबी’ ही नोंद.

मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी उपोषण सुरू केले. १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठीमार केला आणि गावाचे नाव राज्यभर पोचले. नील स्मेल्सर यांच्या सिद्धान्तात (१९६२) ताण, ठिणगी, जमवाजमव आणि शेवटी नियंत्रण असा क्रम येतो. इथे नियंत्रणच ठिणगी ठरले. ताण मात्र जुना होता; मराठा आरक्षणाचा २०१८चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला होता.

२०१६चे मराठा क्रांती मूक मोर्चे शिस्तबद्ध होते, पण त्यांना एक चेहरा नव्हता. अंतरवालीत एक माणूस, एक गाव आणि एकच मागणी होती. भोवती गावोगावी साखळी उपोषणे बसली, पुढाऱ्यांना गावबंदी झाली. ऑगस्ट २०२५ अखेर मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण झाले, तेव्हा खेड्यांतून भाकरी-ठेच्याच्या गाड्या निघाल्या. चळवळ कोणत्या साधनांवर चालते, हे शोधणाऱ्या अभ्यासकांनी त्या शिदोऱ्या जरूर मोजाव्यात.

जमाव विवेकशून्य असतो, हे गुस्ताव ल बाँ यांचे १८९५चे मत या उपोषणांना लागू पडत नाही. मात्र ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड आणि माजलगावात लोकप्रतिनिधींची घरे पेटवली गेली, ते याच आंदोलनाच्या काळात. चळवळ आणि जमाव यांच्यामधली रेघ पुस्तकात जितकी ठळक, तितकी रस्त्यावर नसते.

कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. फेब्रुवारी २०२४मध्ये १० टक्के स्वतंत्र आरक्षणाचा कायदा झाला. तो मूळ मागणीला धरून नसल्याने आंदोलन थांबले नाही. २ सप्टेंबर २०२५ रोजी निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटच्या आधारे शासन निर्णय निघाला. त्याआधीच, जून २०२४मध्ये, जवळच्याच वडीगोद्रीत लक्ष्मण हाके यांनी ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषण केले होते : समाजशास्त्राच्या भाषेत प्रतिचळवळ, तीही त्याच तालुक्यात आणि त्याच हत्याराने.