बंडी, जीप आणि गाडीत बसणारा माणूस

१९९० च्या दशकात यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांवर नोकरी केलेल्या शिक्षकाला ‘काळी-पिवळी’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. दारव्हा, घाटंजी, राळेगाव, उमरखेड, कुठल्याही तालुक्याच्या चौकात ती उभी असे आणि ‘सीट भरल्याशिवाय’ सुटत नसे. भरली म्हणजे किती? चालकाच्या दोन्ही अंगांना माणसे, मधल्या बाकावर चार-पाच, मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लावून आणखी काही, मागच्या पायरीवर लोंबकळणारे दोघे-तिघे आणि बाजाराचा दिवस असला तर टपावरही. एस.टी.ची गाडी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येणार. शाळेची घंटा तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून आम्हीही काळी-पिवळीत बसलो आहोत आणि कधी पायरीवर उभेही राहिलो आहोत.

वर्तमानपत्रे तिला ‘अवैध प्रवासी वाहतूक’ म्हणत. ते खरेच होते. पण त्या शब्दाने एक प्रश्न सुटत नाही. ही गाडी अशीच का घडली? लांबट, उंच, मागे आडवी बाके असलेली. ती तशी असावी असे कोणाला वाटत होते? याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल.

मागणी आणि घडण एकाच अंगणात

जीप येण्यापूर्वी या मुलखाची गाडी म्हणजे बंडी. माल आणि कापूस वाहायला बंडी, तर माणसांना लग्नाला-जत्रेला न्यायला हलकी रेंगी किंवा दमणी. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद मापाची रेल्वे, म्हणजे लोकांची ‘शकुंतला’, विसाव्या शतकाच्या आरंभी कापूस नेण्यासाठी झाली आणि तिच्यावर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन चालले. पण रुळांपर्यंत कापूस आणायला बंडीच लागे.

बंडीचे चाक मोठे का? याचे उत्तर इथल्या काळ्या मातीत आहे. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात, सुकले की आकसतात. त्यामुळे उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल. लहान चाक चाकोरीत रुतते. मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते आणि त्याचा आस जमिनीपासून उंच राहतो. आज मोटारीच्या माहितीपत्रकात ‘ग्राउंड क्लिअरन्स’ म्हणून जो आकडा छापतात, तोच हा हिशेब.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेतकरी गावातल्या सुताराकडे जाई, लाकूड निवडी आणि काय हवे ते तोंडाने सांगे. गाडी विकत घेणारा, तिच्यात बसणारा आणि ती मोडली तर रडणारा माणूस एकच होता. पुढे हे तिघे वेगळे झाले.

लष्कराची यादी

जीपची पहिली मागणी कोणा गिऱ्हाइकाने केलेली नाही. ती १९४० साली अमेरिकी लष्कराने केली. टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना इंजिनची शक्ती मिळणारी गाडी हवी म्हणून १३५ कारखान्यांना पत्रे गेली. बँटम या छोट्या कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरात पहिला नमुना उभा केला. त्यानंतर विलीज आणि फोर्ड यांनी आपले नमुने दिले. लष्कराने मूळ वजन १३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो मागितले होते. एवढ्या हलक्या गाडीत एवढी ताकद बसेना, तेव्हा मर्यादा वाढवावी लागली. मागणी करणारा आणि घडवणारा यांच्यातील ही देवाणघेवाण प्रत्येक यंत्राच्या इतिहासात दिसते. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या.

त्या यादीत आराम नव्हता, दारे नव्हती, छप्पर म्हणजे कापड. गाडी बंद पडली तर शिपायाला ती रस्त्याकडेला दुरुस्त करता यावी, हे मात्र तिच्या साध्या बांधणीत होते. हाच गुण पुढे आपल्याकडे तिला सत्तर वर्षे पुरला.

भारतात ती आणली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीने. भागीदारांपैकी गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. आरंभी मुंबईत सुट्या भागांची जोडणी होई. पुढे भागही इथेच बनू लागले. पहिली गिऱ्हाइके म्हणजे लष्कर, पोलीस, वनखाते, पाटबंधारे खाते. यवतमाळच्या खेड्यात जीप आली की मुले धावत, पण ती तहसीलदारांची किंवा साहेबांची असे.

मालकाची यादी

१९७३ मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले. पेट्रोलची जीप चालवणे परवडेना. सरकारी धोरणामुळे डिझेल स्वस्त होते, म्हणून जीपमध्ये डिझेल इंजिने बसू लागली. त्यांतले एक मुळात ट्रॅक्टरसाठीचे होते. पुढे पूझो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला डिझेल इंजिने तयार होऊ लागली. डिझेल इंजिन जड आणि आवाजी, पण मैलाला कमी पैसे खाणारे.

इथेच गिऱ्हाईक बदलले. आता जीप घेणारा माणूस कर्ज काढून ती भाड्याने फिरवणारा होता. त्याची यादी सोपी होती. डिझेल कमी लागावे, गावच्या मिस्त्रीला दुरुस्त करता यावी, पाटे मजबूत असावेत आणि माणसे जास्त बसावीत. कारखान्यांनी त्याचे ऐकले. सांगाडा लांब झाला, मागे समोरासमोर बाके आली. महिंद्रची कमांडर, पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो ही सारी त्या काळाची अपत्ये. सुमो हे नाव कुस्तीवरून नव्हे, तर टेल्को उभारणारे सुमंत मुळगावकर यांच्या नावातल्या आद्याक्षरांवरून आले, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. जीपची जन्मखूण असलेली चारचाकी ओढ मात्र बहुतेक प्रवासी गाड्यांतून गेली. रस्ते डांबरी होऊ लागले होते. जी गोष्ट वर्षातून चार दिवस लागते, तिच्यासाठी मालक रोज जादा डिझेल का जाळील?

म्हणजे काळी-पिवळी ही गिऱ्हाइकाच्या मागणीनुसारच घडली. फक्त ते गिऱ्हाईक आत बसणारे नव्हते. बसणाऱ्याला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्याच्यापुढे दुसरी गाडी नव्हती.

टपावरच्या माणसांचे गणित

आता थोडे विज्ञान. वळणावर गाडी उलटेल की नाही, हे मुख्यतः दोन मापांवर ठरते. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. चाकांतील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की स्थैर्याचा एक अंक मिळतो. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याच्या मते साध्या मोटारींचा हा अंक बहुधा १.३ ते १.५, तर उंच एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅन यांचा १.० ते १.३ असतो. अंक जितका कमी, तितकी गाडी उलटण्याची भीती जास्त.

केवळ हिशेबासाठी असे समजू, की गाडीचे वजन १५०० किलो, चाकांतील अंतर १.३ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.६५ मीटर उंचीवर आहे. अंक आला १.०. आता साठ-साठ किलोची चार माणसे टपावर बसली आणि त्यांचा गुरुत्वमध्य २.१ मीटरवर आहे. नवी उंची अशी :

(१५०० × ०.६५ + २४० × २.१) ÷ १७४० = ०.८५ मीटर

अंक उतरला सुमारे ०.७६ वर. फक्त चार माणसांनी गाडीचे स्थैर्य जवळजवळ एक-चतुर्थांशाने कमी केले. अशा गाडीच्या चालकाला तेच वळण आधीच्या वेगाने घेता येत नाही.

वर्गात हा प्रयोग सहज होतो. फळीवर खरकागद चिकटवा, म्हणजे घसरण होणार नाही. त्यावर भरलेली काडेपेटी उभी ठेवून फळी हळूहळू तिरपी करा आणि पेटी कोणत्या कोनाला पडते ते कोनमापकाने पाहा. मग पेटीच्या माथ्यावर पाच रुपयांचे नाणे चिकटवून तेच करा. शेवटी नाणे पेटीच्या आत तळाशी ठेवा. तिन्ही कोन मुलांनीच फळ्यावर लिहावेत. पुढे काही सांगावे लागत नाही.

घराण्याची गाडी

याच सुमारास नवे गिऱ्हाईक उभे राहत होते. वकील, डॉक्टर, कंत्राटदार, बागायतदार. त्यांना जीपचा रुबाब हवा होता, पण आत मोटारीचा आराम. २००० साली बोलेरो आणि २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ आली ती या मागणीला उत्तर म्हणून.

अमेरिकेत ही वाट आधीच चालून झाली होती. १९३५ मध्ये शेव्रोलेने ट्रकच्या सांगाड्यावर आठ माणसांची पोलादी ‘सबर्बन’ बसवली. तिची नवी आवृत्ती २०२१ च्या मॉडेलमध्ये आली, तेव्हा मागचा अखंड आस काढून प्रत्येक चाकाला स्वतंत्र झोळ दिला गेला. अखंड आसाला वरखाली हलायला जागा लागते, म्हणून त्यावरची फरशी उंच ठेवावी लागते. तो गेला की फरशी खाली येते आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळते. एका साध्या तक्रारीसाठी गाडीचा मागचा भाग मुळापासून बदलावा लागतो, याचे हे चांगले उदाहरण.

पण न मागितलेल्या गोष्टीचे काय? २०१६ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने हवेच्या पिशव्या नसलेली स्कॉर्पिओ धडकवून पाहिली. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. त्याच खेपेला काही लहान मोटारींचीही तीच गत झाली. उंच, जाड दिसणारी गाडी आपोआप सुरक्षित असते हा समज तिथे मोडला. २०१९ पासून नव्या मोटारींना चालकापुढे हवेची पिशवी सक्तीची झाली, धडक-चाचणीचे नियम आले. २०२२ मध्ये पुण्याजवळच्या चाकण येथे बनलेली स्कॉर्पिओ-एन बाजारात आली. त्या जुलैत नोंदणी सुरू होताच अर्ध्या तासात एक लाख लोकांनी नावे नोंदवली आणि डिसेंबरात त्याच संस्थेच्या चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. तिची तिसरी रांग आता समोर तोंड करून बसते.

सहा वर्षांत लोखंडाचे गुणधर्म बदलले नाहीत. चाचणीचे निकाल लोकांपुढे आले, कायदा आला, आणि गिऱ्हाईक दुकानात तारे विचारू लागले. माहिती मिळाली की मागणी बदलते. शिक्षकाच्या कामाशी याचा संबंध काय, हे वेगळे सांगायला नको.

तरी एक माणूस अजून यादीबाहेर आहे. ज्याने गाडी विकत घेतलेली नाही, जो दहा रुपये देऊन मागच्या पायरीवर उभा राहतो, त्याच्यासाठी तारे मोजले जात नाहीत. धडक-चाचणीतल्या पुतळ्यांना आसन असते, पट्टा असतो. पायरीवरचा पुतळा कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. त्याचे काम एस.टी.ची वेळेवर येणारी दुसरी फेरी करू शकते, आणि ती मागणी कारखान्याकडे नव्हे, तर आपल्या ग्रामसभेत करायची असते.

नववी-दहावीच्या मुलांना एका आठवडी बाजाराच्या दिवशी स्टँडवर न्यावे. गाडीचा मालक, चालक, मिस्त्री आणि प्रवासी या चौघांना एकच प्रश्न विचारावा : ‘नवी गाडी करायची झाली, तर तिच्यात काय हवे?’ चार याद्या शेजारी-शेजारी लिहाव्यात. कोणती गोष्ट एकाच यादीत आहे आणि कोणती एकाही यादीत नाही, हे मुलांना शोधू द्यावे.