अण्णांचा ठिपका

मागच्या दिवाळीत शेवगावचं घर आवरायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत अण्णांची एक चाळीसपानी वही सापडली. वर निळ्या शाईत एकच शब्द, "ठिपका". पहिली नोंद २ फेब्रुवारी १९८९ ची, शेवटची १३ मार्चची. पुढची पानं कोरी. आमच्या घरच्यांना आठवेलच, त्या दीड महिन्यात देवघराशेजारच्या खोलीत जायला आम्हा पोरांना सक्त बंदी होती.

अण्णा हायस्कूलात विज्ञान शिकवायचे. होकायंत्राची सुई दिवसभर एका जागी राहत नाही, सकाळी जराशी पूर्वेकडे आणि दुपारी पश्चिमेकडे कलते, असं त्यांनी वर्गात सांगितलं आणि पोरं हसली. टेबलावर होकायंत्र ठेवून दाखवायला गेले तर सुई ढिम्म. आता, हा हेलकावा असतो तरी केवढा? अंशाचे साठ भाग केले तर त्यातले दोन-चार. हिवाळ्यात त्याहूनही कमी. साध्या होकायंत्रात तो डोळ्यांना दिसणं शक्यच नाही.

मग अण्णांनी पट्टीचुंबक रेशमी धाग्याने आढ्याला टांगला, त्यावर आरशाचा तुकडा चिकटवला, वारा लागू नये म्हणून भोवती काचा उभ्या केल्या. दिव्याचा बारीक झोत आरशावर, आणि तिथून परतलेला ठिपका दहा फुटांवरच्या भिंतीवर, आलेखाच्या कागदावर. आरसा जेवढा वळतो त्याच्या दुप्पट झोत वळतो. तरी एवढ्या खटपटीनंतर ठिपका दिवसाकाठी सरकायचा तो जेमतेम तीन-चार मिलिमीटर. पण सरकायचा! वहीत पानोपानी ते दिसतं.

या हेलकाव्याची पहिली नोंद लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम नावाच्या घड्याळजीने १७२२ साली केली. कारण कळायला मात्र फार वेळ लागला. १८८२ मध्ये बाल्फोर स्टुअर्टने म्हटलं, की याचं मूळ जमिनीत नाही, वर हवेत आहे. त्याचं बरोबर निघालं. साधारण शंभर किलोमीटर उंचीवर सूर्याचे अतिनील किरण विरळ हवेतले अणुरेणू फोडून विद्युतभारित करतात. उन्हाने तापून ही हवा वाहते, आणि ती वाहते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून. सायकलच्या डायनॅमोत जे होतं तेच इथे होतं, वीज निर्माण होते. पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला उत्तर गोलार्धात एक आणि दक्षिणेत एक असे विजेचे दोन प्रचंड भोवरे कायम असतात. पृथ्वी त्यांच्याखालून फिरते, म्हणून रोज सकाळी शेवगाव त्या भोवऱ्याखाली शिरतं आणि संध्याकाळी बाहेर पडतं. अलिबाग जवळपास त्याच अक्षांशावर, पण पश्चिमेला. तिथे तोच भोवरा नऊ-दहा मिनिटं उशिरा पोचतो.

अलिबाग मुद्दामच आणलं. आपल्याकडचा या विषयाचा सगळा इतिहास तिथेच जातो. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, तिथे चुंबकीय नोंदी १८४१ पासून. माणसं रात्रंदिवस, ठरल्या वेळी, दुर्बिणीतून आकडा वाचून लिहीत. २ सप्टेंबर १८५९ रोजी अशाच कुणीतरी लिहिलेल्या आकड्यांत क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलेली दिसते. रोजचा चढउतार असतो चाळीस-पन्नासचा! सूर्यावरच्या स्फोटाने आलेलं ते वादळ होतं. २००३ साली त्याचा नव्याने अभ्यास झाला तो याच कुलाब्याच्या आकड्यांवरून. लिहिणाऱ्याला त्या सकाळी काय वाटलं असेल? उपकरण बिघडलं, असंच ना?

त्याच १८५९ साली नानाभाई मूस जन्मले. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि त्यांच्यापुढे प्रश्न आला विजेच्या ट्रामचा. ट्रामच्या विजेपुढे अर्ध्या शतकाची ही नाजूक नोंद टिकणार नव्हती. मूसांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. आपला सह्याद्रीचा काळा दगड स्वतःच चुंबकीय, म्हणून पोरबंदरचा दगड आणला. बांधकामात लोखंड नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे जुने आणि नवे आकडे एकमेकांना जोडता येतील. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी मूसांनी १९१० साली दोन खंडांत छापल्या. मला या माणसाचं सगळ्यात कौतुक वाटतं ते त्या दोन वर्षांचं. नवी जागा मिळाल्यावर जुनी ताबडतोब सोडून देणं किती सोपं होतं!

असो. अण्णांच्या नशिबी ना पोरबंदरचा दगड, ना दोन वर्षं. १३ मार्चच्या सोमवारी वहीत तीन नोंदी आहेत. ७.१५ ला ठिपका डावीकडे ९ मिलिमीटर. ७.४० ला उजवीकडे ४. ८.०५ ला पुन्हा डावीकडे ६. खाली लिहिलंय, "शिवणयंत्र हलवल्यामुळे बिघाड. बंद."

आईला फोन केला. तिला लख्ख आठवत होतं. पाडव्याची शिवणकामं आली होती म्हणून आदल्या रात्री तिने मशीन त्या खोलीच्या भिंतीला लावलं. "दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. आणि परत कधी ते टांगलंही नाही."

मी तिला सांगितलं, की १३ मार्च १९८९ ला सूर्यावरून आलेलं मोठं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे सात वाजत होते. त्याच दुपारी तिकडे कॅनडात क्विबेक प्रांताची वीज गेली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. मशीनमुळे ठिपका एकदा सरकला असता आणि तिथेच थांबला असता. तो डावीकडे-उजवीकडे करत होता.

"मशीन मी सकाळी चालवलंही नव्हतं," आई म्हणाली. "म्हणजे ते मशीनमुळे नव्हतं ना?"

"नव्हतं."

थोड्या वेळाने तिचाच परत फोन आला. म्हणाली, ते वादळाचं काय ते एका कागदावर नीट लिहून आण, तारखेसकट. वहीत ठेवायचंय.